एका दुर्मिळ रोगाचा इतिहास

१९१२ साली न्यूयॉर्कचे एक वैद्यकशास्त्रज्ञ आयझॅक ॲडलर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जगातील वैद्यकीय वाङ्मय धुंडाळून त्यांनी या रोगाची जेमतेम ३७४ उदाहरणे गोळा केली होती. इतक्या विरळ रोगासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचे श्रम घ्यावेत काय, असा प्रश्न त्यांनी आरंभीच उपस्थित केला होता, आणि तो उपस्थित करताना त्यांच्या मनात काहीसा संकोचही होता. पुढे अवघ्या एकशेदहा वर्षांनी, म्हणजे २०२२ साली, जगभरात या रोगाचे सुमारे पंचवीस लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे अठरा लाख माणसे त्याने मृत्युमुखी पडली. आज कर्करोगाच्या सर्व प्रकारांत या एका प्रकाराने सर्वांत अधिक बळी घेतले जातात. ज्या रोगावर लिहिताना ग्रंथकाराला संकोच वाटावा, तो एवढ्या अल्प काळात घरोघरी परिचित कसा झाला? या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकात सापडत नाही. व्यापार, यंत्रे, युद्धे, आकडेमोड आणि मनुष्याचा स्वभाव या सर्वांचा त्यात वाटा आहे.

हा रोग पूर्वी मुळीच नव्हता, असे मात्र नव्हे. जर्मनीतील सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवर खनिजांनी समृद्ध अशी एक डोंगरांची रांग आहे. तिच्या एका बाजूस श्नेबर्ग आणि दुसऱ्या बाजूस योआखिम्सताल, म्हणजे आजचे याखिमोव्ह, ही खाणींची गावे आहेत. योआखिम्सतालला काही काळ वैद्यकी केलेला जॉर्ज ॲग्रिकोला हा विद्वान खाणकामावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात खाणकामगारांच्या छातीच्या विकारांचे वर्णन करतो. तो ग्रंथ १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, छापला गेला. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात अशाही स्त्रिया आहेत, की ज्यांना एकामागून एक सात पती करावे लागले आणि ते सातही या विकाराने गेले, अशी नोंद त्याने केली आहे. ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो. गावकरी या दुखण्याला डोंगरी रोग म्हणत. हा रोग म्हणजे प्रत्यक्षात फुप्फुसाचा कर्करोग होय, हे १८७९ साली हार्टिंग आणि हेसे या दोन वैद्यांनी श्नेबर्गच्या खाणकामगारांची शवे तपासून दाखवून दिले. त्याचे मुख्य कारण खडकातून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू आहे, हे ध्यानात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. यातील योगायोग असा, की पियरे आणि मेरी क्यूरी यांनी ज्या खनिजातून रेडियमचा शोध लावला, ते याच योआखिम्सतालच्या खाणीतले. ज्या डोंगराने रोग दिला, त्यानेच त्या रोगावरील किरणोपचाराचे एक आद्य साधनही दिले.

परंतु खाणीत उतरणारी माणसे ती किती! शहरातील कारकून, शिंपी, शिक्षक, सैनिक यांना हा रोग कोठून आला? येथे आपल्याला तंबाखूच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. आणि त्या इतिहासाचे एक पान दख्खनच्या भूमीवर लिहिले गेले आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तंबाखू भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून विजापूरच्या दरबारात पोहोचली. अकबर बादशहाचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतताना रत्नखचित हुक्का आणि तंबाखू घेऊन गेला. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. तेव्हा त्याच्या हकिमाने हरकत घेतली. ज्या औषधीविषयी आपल्या ग्रंथांत एक अक्षरही नाही, ती बादशहांना कशी द्यावी, असा त्याचा मुद्दा होता. पुढे जहांगीराने १६१७ साली तंबाखू ओढण्यास मनाई केली. पण हुकमाने व्यसन सुटल्याचे इतिहासात फारसे दाखले नाहीत.

तथापि नंतरची अडीच-तीनशे वर्षे तंबाखू होती आणि फुप्फुसाचा कर्करोग मात्र विरळाच होता. याचे कारण तंबाखू घेण्याच्या पद्धतीत आहे. लोक ती चघळीत, नाकात ओढीत, चिलमीत किंवा पाइपमध्ये घालून पीत. चिरुट आणि पाइप यांचा धूर इतका तिखट असे, की तो बहुधा तोंडातूनच बाहेर सोडला जाई. पुढे विशिष्ट पद्धतीने वाळविलेली सौम्य तंबाखू बाजारात आली. तिचा धूर छातीत खोलवर ओढता येऊ लागला. १८८०-८१ साली अमेरिकेत जेम्स बोन्सॅक या तरुणाने सिगारेट वळण्याचे यंत्र तयार केले. कुशल कामगार हाताने दिवसाकाठी दोन-तीन हजार सिगारेटी वळीत असे. हे यंत्र दहा तासांत एक लाखाहून अधिक वळू लागले. सिगारेट स्वस्त झाली, आगकाडी खिशात आली आणि पहिल्या महायुद्धात तर सिगारेट ही सैनिकाच्या शिध्याचाच भाग झाली. युद्धावरून घरी परतलेल्या लक्षावधी तरुणांनी ही सवय बरोबर आणली. कर्करोग मात्र सवयीच्या पाठोपाठ लगेच येत नाही. तो वीस-तीस वर्षे वाट पाहतो. या विलंबामुळेच पुढे साऱ्या जगाची फसगत झाली.

१९१९ साली सेंट लुइस येथील वैद्यकीय विद्यालयात एका शवविच्छेदनाच्या वेळी प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावून घेतले. फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेला हा रुग्ण नीट पाहून ठेवा, असा रुग्ण तुम्हांला आयुष्यात पुन्हा पाहावयास मिळेलच असे नाही, असे त्यांनी सांगितले. त्या विद्यार्थ्यांत आल्टन ऑक्सनर नावाचा एक तरुण होता. त्यानंतर सतरा वर्षे त्याला असा एकही रुग्ण दिसला नाही. आणि १९३६ साली मात्र सहा महिन्यांत नऊ दिसले. तोवर ऑक्सनर नामवंत शल्यविशारद झाले होते. त्यांनी चौकशी केली, तेव्हा हे नऊही जण भरपूर सिगारेटी ओढणारे होते आणि बहुतेकांची ती सवय महायुद्धातली होती, असे आढळले. इंग्लंड आणि वेल्समध्येही हेच घडत होते. १९२२ साली तेथे या रोगाने ६१२ मृत्यू नोंदले गेले होते. १९४७ साली तोच आकडा ९,२८७ वर गेला. कोणी म्हणत, हा मोटारींच्या धुराचा परिणाम. कोणी डांबरी रस्त्यांना दोष देत. कोणाच्या मते रोग वाढलाच नव्हता, क्ष-किरणांमुळे तो ओळखू येऊ लागला होता एवढेच. ही अनुमाने त्या वेळी हास्यास्पद नव्हती. प्रत्येकामागे काही ना काही तर्क होता. मोजमाप मात्र नव्हते.

या सुमारास सेंट लुइस येथेच एक अपूर्व घटना घडली. ५ एप्रिल १९३३ रोजी इव्हार्ट्स ग्रॅहम या शल्यविशारदांपुढे पिट्सबर्गचे जेम्स गिलमोर नावाचे अठ्ठेचाळीस वर्षांचे एक रुग्ण होते. ते स्वतः वैद्य होते. त्यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग होता. शस्त्रक्रियेपूर्वी ते घरी जाऊन आले आणि त्या मुक्कामात त्यांनी स्वतःसाठी दफनभूमीत जागा विकत घेऊन ठेवली, असे सांगतात. फुप्फुसाचा एक भाग काढावा, असा ग्रॅहम यांचा बेत होता. परंतु छाती उघडल्यावर तेवढ्याने भागणार नाही हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी संपूर्ण डावे फुप्फुस एकाच बैठकीत काढून टाकण्याचा निर्णय घेतला. कर्करोगासाठी केलेली अशी शस्त्रक्रिया त्यापूर्वी यशस्वी झाली नव्हती. गिलमोर वाचले. एवढेच नव्हे, तर एका फुप्फुसावर त्यांनी पुन्हा आपला वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला. या रोगाचे निदान झाल्यावर मरणाची वाट पाहणे याखेरीज दुसरे काही करता येते, हे जगाला त्या दिवशी प्रथम कळले.

पण रोग काढणे वेगळे आणि त्याचे कारण काढणे वेगळे. सिगारेटीची विक्री आणि कर्करोग हे दोन्ही बरोबरच वाढत आहेत, असे ऑक्सनर म्हणत, तेव्हा ग्रॅहम चेष्टेने उत्तर देत, की तशी तर नायलॉनच्या मोज्यांची विक्रीही वाढली आहे. स्वतः ग्रॅहम दीर्घकाळ धूम्रपान करणारे होते. तथापि अर्न्स्ट वायंडर नावाचा एक विद्यार्थी हा प्रश्न तपासून पाहण्याची परवानगी मागू लागला, तेव्हा त्यांनी ती दिली. मतभेद असूनही विद्यार्थ्याला मार्ग मोकळा करून देणे, हा त्यांच्या मोठेपणाचाच भाग म्हटला पाहिजे. मे १९५० मध्ये त्या दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचाही अभ्यास प्रसिद्ध झाला. हिल यांचे वैद्य होण्याचे स्वप्न तरुणपणी जडलेल्या क्षयरोगाने हिरावून घेतले होते. म्हणून ते संख्याशास्त्राकडे वळले होते. या दोघांनी लंडनच्या वीस रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण घेतले आणि त्याच वयाचे, परंतु अन्य रोगांनी आजारी असलेले तितकेच रुग्ण त्यांच्याशी तुलनेसाठी घेतले. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत कधीही धूम्रपान न केलेले फक्त दोन निघाले. दुसऱ्या गटात असे सत्तावीस होते. प्रारंभी डॉल यांचा संशय डांबरी रस्त्यांवर होता. आकडे हाती येत गेले तसा तो मावळला आणि अभ्यास पुरा होण्यापूर्वीच त्यांनी स्वतः सिगारेट सोडली.

टीकाकार गप्प बसले नाहीत, आणि ते योग्यच होते. रुग्ण आजारी पडल्यावर मागचे आठवून सांगतो. त्यात चूक संभवते. म्हणून १९५१ च्या ऑक्टोबरात डॉल आणि हिल यांनी उलट दिशेने वाटचाल आरंभिली. ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांनी केवळ त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहिली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे पाठविली. १९५४ साली पहिले निष्कर्ष आले. तोवरच्या ७८९ मृत्यूंत फुप्फुसाच्या कर्करोगाचे छत्तीस होते आणि धूम्रपानाच्या प्रमाणात त्यांची संख्या चढत गेलेली स्पष्ट दिसत होती. हा अभ्यास पुढे पन्नास वर्षे चालला. २००४ साली नव्वदी ओलांडलेल्या डॉल यांनी सहकाऱ्यांसह त्याचा समारोप केला. जन्मभर सिगारेट ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्यापेक्षा सरासरीने दहा वर्षे आधी मरतो, असे त्यात दिसून आले. परंतु त्याबरोबरच तिशीत सवय सोडणाऱ्याला ती दहाच्या दहा वर्षे जवळजवळ परत मिळतात, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन वर्षे मिळतात, हेही सिद्ध झाले. आता सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे ऐकविण्यासारखे आहेत.

या पुराव्यापुढे ग्रॅहम यांनी आपले मत बदलले आणि आपली सवयही. वायंडर यांच्याबरोबर १९५३ साली त्यांनी तंबाखूच्या धुरातील डांबर उंदरांच्या त्वचेवर लावून कर्करोग उत्पन्न होतो हे दाखविले. परंतु शरीराने मागचा हिशोब ठेवला होता. १९५७ च्या आरंभी ग्रॅहम यांच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग आढळला. ज्या शस्त्रक्रियेने त्यांनी दुसऱ्यांना वाचविले, ती त्यांच्या उपयोगी पडण्यासारखी नव्हती. मार्च १९५७ मध्ये ते गेले. ज्यांचे फुप्फुस त्यांनी काढले होते, ते गिलमोर त्यांच्यानंतर सहा वर्षे, १९६३ सालापर्यंत जगले. वैद्यापेक्षा रुग्ण अधिक जगला. एखाद्या नाटककाराने हा प्रसंग रचला असता, तर तो कृत्रिम वाटला असता.

शास्त्राने उत्तर दिले; समाजाने ते ऐकण्यास मात्र पुष्कळ वेळ लावला. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांतून निवेदन देऊन हा पुरावा निर्णायक नाही असे सांगितले आणि संशयाचे वातावरण पुढे कित्येक वर्षे जागते ठेवले. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने अहवाल प्रसिद्ध करून धूम्रपान हे या रोगाचे कारण आहे असे स्पष्टपणे सांगितले. आपल्या देशात १९७५ च्या कायद्याने सिगारेटीच्या पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक झाले. २००१ साली मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घालण्याचे निर्देश दिले. २००३ साली तंबाखूवर व्यापक कायदा झाला आणि २००८ च्या गांधीजयंतीपासून ही बंदी देशभर अमलात आली.

भारतातील संशोधनाचा विषय निघाला, की मुंबईच्या परळ भागाचे नाव घ्यावे लागते. तेथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीयांच्या चालीरीती आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा परस्परसंबंध चिकाटीने तपासला. तंबाखू चघळण्याने होणाऱ्या मुखाच्या कर्करोगाविषयीचे त्यांचे कार्य जगन्मान्य झाले. पुढे १९६३ च्या सुमारास इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने, मुंबई शहरातील कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. देशातील अशा प्रकारची ही पहिली नोंदवही होय. त्या नोंदींतून हाती आलेली एक गोष्ट आपल्या लोकांच्या समजुतीला धक्का देणारी होती. सिगारेट परदेशी आणि कागदी म्हणून वाईट, बिडी मात्र पानाची आणि देशी म्हणून निरुपद्रवी, असा समज रूढ होता. मुंबईतील रुग्णांच्या अभ्यासात बिडीही फुप्फुसाच्या कर्करोगाचे तितकेच सबळ कारण असल्याचे आढळले. टेंभुर्णीच्या पानाला सच्छिद्रता कमी; विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. निपाणीची तंबाखू, भंडारा-गोंदियाची पाने, सिन्नर आणि सोलापूर येथे सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया, असा हा मोठा संसार आहे. त्यावर कित्येकांचे पोट अवलंबून आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ उपदेशाने सुटणारा नाही.

आपल्या देशात या रोगाच्या वाटेवर आणखी एक चकवा आहे, तो क्षयरोगाचा. दीर्घकाळ खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे, ताप, छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग ही लक्षणे दोन्ही रोगांत आढळतात. क्षय आपल्याकडे फार; त्यामुळे डाग दिसला की क्षयाचेच औषध सुरू व्हावे, हे स्वाभाविक आहे. पण थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले नसताना महिनोन् महिने तेच औषध चालू राहिले आणि अखेरीस रोग निराळाच निघाला, अशी हकीकत भारतातील वैद्यकीय नियतकालिकांतून पुनःपुन्हा नोंदली गेली आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, थुंकीतील रक्त, आवाजातील कायमचा घोगरेपणा यांची हयगय करू नये. आणि क्षयाच्या औषधाने अपेक्षित गुण येत नसेल, तर पुढील तपासणीचा आग्रह धरावा, एवढे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तसेच हा रोग केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आहे, असेही मानता येत नाही. भारतातील रुग्णांत कधीही तंबाखूस न शिवलेल्यांचा, विशेषतः स्त्रियांचा, वाटा लक्षणीय आहे. कोंडलेल्या स्वयंपाकघरातील चुलीचा धूर, इतरांनी सोडलेला सिगारेटीचा धूर, ॲस्बेस्टॉसची धूळ आणि रेडॉन ही त्याची ज्ञात कारणे होत. शहरांतील दूषित हवा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले. मोटारींच्या धुरावर संशय घेणारे १९४० च्या दशकातील ते लोक, म्हणजे, अगदीच चुकले नव्हते. मुख्य अपराधी त्यांना ओळखता आला नाही, एवढेच.

उपचारांच्या इतिहासात शस्त्रक्रियेपाठोपाठ किरणोपचार आणि रसायनोपचार आले. त्यांनी आयुष्य वाढविले, परंतु तोलून-मापून. खरा पालट एकविसाव्या शतकात झाला. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की काही रुग्णांच्या गाठीत पेशीची वाढ चालविणाऱ्या एका विशिष्ट जनुकात बिघाड असतो आणि नेमक्या त्याच रुग्णांना गेफिटिनिब नावाची गोळी चमत्कार वाटावा इतकी लागू पडते. आशियातील, धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांत हा बिघाड अधिक प्रमाणात आढळतो. २०२० साली टाटा मेमोरियल रुग्णालयातील वैद्यांनी ३५० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ गोळी दिलेल्या रुग्णांत रोग सरासरी आठ महिने आवाक्यात राहिला. गोळीबरोबर रसायनोपचार दिलेल्यांत सोळा महिने. परळच्या त्या रुग्णालयातून निघालेल्या या निष्कर्षाची दखल जगाने घेतली. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधेही आली. त्यामागील शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फार धूम्रपान केलेल्यांची अल्पमात्रेच्या सीटी स्कॅनने नियमित तपासणी केल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे वीस टक्क्यांनी घटतात, हे २०११ साली अमेरिकेतील त्रेपन्न हजारांवर लोकांच्या अभ्यासाने दाखविले. आता असे कित्येक रुग्ण आहेत, की ज्यांचा रोग गेलेला नाही, परंतु जे वर्षानुवर्षे कामावर जातात, मुलांची लग्ने करतात, यात्रेला जाऊन येतात. रोगाबरोबर जगणे हा शब्दप्रयोग पूर्वी उपहासाचा वाटला असता. आज तो वस्तुस्थितीचे वर्णन आहे.

जगणे म्हटले, की बोलणे आले. आणि येथे अजून आपली वाट अवघड आहे. १९६१ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या डॉक्टरांना विचारले असता त्यांतील नव्वद टक्के डॉक्टरांनी कर्करोग झाल्याचे रुग्णाला न सांगण्याकडे कल दर्शविला होता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत सत्त्याण्णव टक्क्यांनी सांगावे असे म्हटले. अठरा वर्षांत एका देशातील वैद्यांची रीत उलटी फिरली. उपचार सुधारले, हे त्याचे एक कारण. रुग्ण हा स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे हे मान्य झाले, हे दुसरे. आपल्या घरांत मात्र अजूनही, बाबांना काही सांगू नका, असे मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतो. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु बाबांना बहुधा कळलेले असतेच. आणि मग दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपण्यासाठी मौन पाळले जाते. त्या मौनात मृत्युपत्राची, देण्याघेण्याची, मनातल्या रुखरुखीची आणि निरोपाची वेळ निघून जाते. किती सांगावे आणि केव्हा सांगावे, हे रुग्णाच्या कलाने ठरवावे. पण त्याने विचारले असता खोटे बोलू नये, एवढी मर्यादा पाळण्यासारखी आहे.

दुःख हलके करण्याच्या विद्येलाही आता शास्त्राचा आधार मिळाला आहे. २०१० साली बोस्टनमधील १५१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या रोगाच्या वाढलेल्या अवस्थेतील काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबरच, अगदी आरंभापासून, वेदना, धाप आणि चिंता यांवरील उपशामक सेवा देण्यात आली. त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले; एवढेच नव्हे, तर शेवटी कमी झुंजवूनही ते सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. भारतात असे पहिले आश्रयस्थान १९८६ साली मुंबईत शांती अवेदना या नावाने उभे राहिले. वेदनेवर आणि धापेवरही गुणकारी असे मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे गरजू रुग्णांना मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात सुधारणा झाली. कित्येक साधे उपाय तर घरीच करता येतात. धाप लागली असता रुग्णाला सपाट निजवू नये. समोर उशी घेऊन थोडे पुढे झुकवून बसवावे, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा मंद वारा घालावा. आजीच्या हातचा विंझणा जे करीत असे, ते उपयुक्त असते, असे संशोधनही आता सांगते.

या इतिहासाने एक अन्याय मात्र नकळत केला आहे. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध झाला, तेव्हापासून या रोगाच्या रुग्णाकडे लोक सहानुभूतीने पाहण्याआधी चौकशीच्या नजरेने पाहतात. तुम्ही ओढत होता काय, हा पहिला प्रश्न असतो. ज्याने कधी ओढली नाही, त्याला तो टोचतो; ज्याने ओढली, तो मान खाली घालतो आणि पुष्कळदा लाजेपायी वैद्याकडे उशिरा जातो. डॉल आणि हिल यांनी हजारो माणसांचे आकडे मांडले, ते पुढच्या हजारोंना वाचविण्यासाठी. खाटेवर पडलेल्या एका माणसावर आरोपपत्र ठेवण्यासाठी ते आकडे मांडलेले नव्हते. ज्या पिढीला सरकारने शिध्यात सिगारेट दिली आणि व्यापाऱ्यांनी ती निर्धोक म्हणून विकली, त्या पिढीतील एकट्यादुकट्याने सारा दोष आपल्या माथी का घ्यावा? निदानानंतरही तंबाखू सोडल्याने उपचारांना बळ मिळते, हे खरे आहे आणि ते रुग्णाला अवश्य सांगावे. पण ते मित्राच्या वाणीने सांगावे.

ॲडलर यांना ज्या रोगावर लिहिण्याचा संकोच वाटला, त्याच्याविषयी बोलण्याचा संकोच आपल्याला अजून वाटतो. त्यांचा संकोच रोगाच्या विरळपणामुळे होता, आपला भीतीमुळे आहे. श्नेबर्गचे खाणकामगार आपल्या दुखण्याचे नावही न कळता गेले. ग्रॅहम यांना नाव, कारण आणि उपाय हे तिन्ही ठाऊक असूनही वेळ हाती राहिली नव्हती. आज आपल्याजवळ नाव आहे, कारण पुष्कळ अंशी कळले आहे आणि उपायही वाढत आहेत. अशा वेळी खोकल्याकडे वेळीच लक्ष देणे, पेटविलेली विडी विझविणे आणि आजारी माणसाशी मोकळेपणाने बोलणे या तीन गोष्टी वैद्यक न शिकलेल्या माणसालाही करता येण्यासारख्या आहेत.